पोट सुटलेली भिंत

सदाशिव पेठेतल्या एका वाड्याची रस्त्याकडची भिंत त्या दिवशी खोलायची होती. ओळंबा सोडला तर जोत्यापासून 8 फुटांवर ती 3 इंच बाहेर आलेली. आरसीसीचे खांब घालून मोकळं व्हावं, असा मालकांचा आग्रह होता.

भिंतीला हात लावण्याआधी तुळयांना टेकू दिले. वाड्यात भार पेलतो तो खांब-तुळयांचा लाकडी सांगाडा. मधली भिंत बरीचशी भरणाच असते. पण तुळईचं भिंतीतलं टोक कुजलं, की मजल्याचा भार भिंतीवर उतरतो. अशा वेळी भिंत आधी उतरवली तर मजलाच खाली येईल. जॅक एका वेळी 2-3 मिलिमीटरच चढवायचा, नाहीतर कुसू, म्हणजे सांध्यात बसवलेली लाकडाची टोकं, फाटतात.

मग गिलावा वरून खाली काढत आणला. वर सिमेंट, आत चुना, चुन्यामागे खाली वीट आणि पहिल्या मजल्यावर पांढरीची माती, म्हणजे जुन्या गावठाणातली पांढरट माती. तळमजल्याला पूर्वी खिडकीच नव्हती. वाड्याचं तोंड आतल्या चौकाकडे, रस्त्याला फक्त दिंडीदरवाजा. तिथे नंतर भिंत फोडून दुकान काढलेलं, वर आधाराला लोखंडी गर्डर. असा गर्डर पुण्यात 1858 ला रेल्वे आल्यानंतरचाच, पेशवाईतला नव्हे.

खरा घोळ पहिल्या मजल्यावर होता. एक खिडकी विटांनी बुजवून तिच्या जागी मोरी केलेली. 1947 च्या भाडेनियंत्रण कायद्यानंतर भाडी गोठली, दुरुस्तीला पैसा उरला नाही आणि दोन-दोन खणांत (खण म्हणजे दोन खांबांमधली जागा) एकेक बिऱ्हाड राहिलं. बिऱ्हाड म्हटलं की मोरी आलीच, आणि मोरीच्या बरोबर खाली तुळईचं टोक! सागवान खरं, पण टोक 14 इंच आतपर्यंत भुसभुशीत. मोरीचं पाणी चुन्याच्या गिलाव्यातून थोडंफार बाहेर सुकलं असतं. सिमेंटने ते कोंडलं. विटांना लोणा, म्हणजे क्षारांची पांढरी बुरशी, लागला तोही त्यामुळेच.

टोक निरोगी लाकडापर्यंत कापून जुन्याच सागवानाचा तुकडा तिरक्या सांध्याने जोडला. नवं, ओलसर लाकूड सुकताना आकसतं आणि सांधा सुटतो. भिंतीत गेलेल्या टोकाभोवती बोटभर हवा खेळेल अशी जागा ठेवली. भार पुन्हा लाकडी सांगाड्यावर गेला, आरसीसीचा विषय तिथेच मिटला. बाहेरून गिलावा एक भाग विरवलेला (पाण्यात भिजवून मुरवलेला) चुना आणि तीन भाग वाळू-सुरकी (विटांची पूड) असा, थर 10-12 मिलिमीटरचे. आठवडाभर पोत्यांनी ओले ठेवायचे. मिस्त्री घाई करतात आणि मग गिलावा पोपडे धरतो.

जोत्याचं काम मात्र अर्धवटच झालं. घडीव दगडाच्या तीन थरांपैकी एकच दिसतो, बाकीचे डांबराखाली. खरवडून न काढता डांबरावर डांबर चढवल्याने पेठांतले कितीतरी ओटे असे रस्त्याला टेकलेत. पावसाचं पाणी थेट विटेला भिडतं. आपल्या हद्दीत भिंतीलगत दीड फूट रुंद चर खणून खडी भरली. रस्ता उतरवणं आमच्या हातात नव्हतं.