आप्पांचं रात्रीचं हळदीचं दूध

आई गेल्यापासनं आप्पांची झोप गेली. साडेनऊला आडवे व्हायचे आणि अकरा वाजता बघावं तर कॉटवर उठून बसलेत, पाय खाली सोडून, नुसतं खिडकीकडं बघत. त्यात ह्या वर्षी पावसानं पण जोर धरलाय, पंचगंगेचं पाणी चढायला लागलं की कोल्हापुरात निम्मं गाव रात्री मोबाईलवर राजाराम बंधाऱ्याची पातळी बघत जागं असतं, ३९ फुटाला इशारा आणि ४३ ला धोका हे आमच्यात लहान पोरांना पण पाठ आहे, पण आप्पांचं जागणं त्या पाण्यासाठी नव्हतं हे मला कळत होतं. डॉक्टर म्हणाले बीपी ठीक आहे, बाकी काही नाही, जरा वेळ द्या. मग एके रात्री हीच म्हणाली, आत्ती त्यांना झोपताना हळदीचं दूध द्यायच्या, ते तुम्ही करून द्या की.

आईनं ते रोज केलेलं मी बघितलंय, चाळीस वर्षं. पण नुसतं बघणं वेगळं. पहिल्या रात्री मी दूध, हळद, गूळ, किसलेलं आलं सगळं एकदम पातेल्यात टाकून गॅसवर ठेवलं आणि उकळी यायच्या आत सगळं नासलं, पिवळ्या पाण्यात पांढऱ्या गाठी. आप्पा आतनं म्हणाले, "गूळ आदी घातलास व्हय रे? गूळ खाली उतरवल्यावर घालायचा." तेवढंच बोलले, पण आठवड्यात आपणहून बोललेलं ते पहिलं वाक्य होतं. म्हणून दुसऱ्या रात्री मी परत उभा राहिलो.

आता कारणं समजलीत. गुळात थोडा आंबटपणा असतो, उकळत्या दुधात तो पडला की दूध फाटू शकतं, म्हणून गॅस बंद करायचा, दोन मिनिटं थांबायचं, मग किसलेला गूळ. आणि ओल्या आल्यात एक पाचक द्रव्य असतं जे दुधातलं प्रोटीन तोडतं, ते आच लागली की मरतं, म्हणून आलं घालायचंच असेल तर दूध खळखळ उकळत असताना. थंड दुधात घालून तापवत बसलं की गाठी ठरलेल्या. मी आता भानगडच नको म्हणून चिमूटभर सुंठच घालतो.

दूध म्हशीचंच. आप्पा गंगावेशीतल्या कट्ट्यावर वाढलेला माणूस, संध्याकाळी म्हशी आणून बांधतात, गिऱ्हाईकासमोर धार काढतात आणि फेसासकट ग्लास हातात देतात, तसलं धारोष्ण दूध तालमीतनं आल्यावर ते रोज प्यायचे. शाहू महाराजांनी बांधलेल्या खासबागेच्या कुस्ती मैदानात दोनदा लढलेत ते. तालमीत उन्हाळ्यात थंडई, बदाम खसखस बडीशेप मिरी कुंडीत रगडून, आणि पाऊस लागला की घरी आईचं हे गरम दूध, असं त्यांचं वर्ष फिरायचं. आता कच्चं दूध त्यांना ह्या वयात मी देत नाही, कट्ट्यावरनं आणलं तरी आधी चांगलं उकळून घेतो.

करतो कसं ते सांगतो, कारण ह्यात घाई केली की चव जाते. पातेल्यात आधी अर्धी वाटी पाणी, त्यानं दूध तळाला लागत नाही. मग दीड वाटी दूध. शेजारी छोट्या कढल्यात अर्धा चमचा तूप, ते विरघळलं की बारीक गॅसवर पाव चमचा हळद, दहा-पंधरा सेकंदच, रंग गडद व्हायच्या आत दुधात ओतायची. तुपात परतली की हळदीचा कच्चा वास जातो, जीभ तुरट होत नाही. शिवाय हळदीतलं करक्युमिन पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही, स्निग्धात विरघळतं, आणि मिरी सोबत असली की अंगाला जास्त लागतं. आईला करक्युमिन हा शब्द माहीत नव्हता, पण तूप आणि मिरी तिनं कधी चुकवली नाही. चार मिरी, दोन वेलदोडे सालासकट, खलबत्त्यात ओबडधोबड. हे सगळं सात-आठ मिनिटं बारीक आचेवर, घातलेलं पाणी आटेपर्यंत, साय मोडत. शेवटी जायफळ सहाणेवर दोन-तीन वेढे, त्याहून जास्त अजिबात नको, जायफळ जास्त झालं तर मळमळतं, गरगरतं.

हे औषध आहे असं मी म्हणणार नाही. हळदीत करक्युमिन साधारण ३ टक्के, पाव चमच्यात किती येणार. रक्त पातळ व्हायच्या गोळ्या चालू असतील, पित्ताशयात खडे असतील तर डॉक्टरांना विचारूनच रोजचं चालू करा. आणि शुगर असेल तर गूळ नको, आपला कोल्हापुरी गूळ कितीही चांगला असला तरी साखरच ती. पण पावसात भिजून आलेल्या माणसाच्या घशाला, आणि ज्याला रात्री घर मोठं वाटायला लागलंय त्याला, हे दूध बरं वाटतं, हे मी रोज डोळ्यांनी बघतोय.

आप्पा फुलपात्र थेट हातात घेत नाहीत, टॉवेलच्या टोकात धरतात. आधी वास घेतात. मग फुंकर घालून साय बाजूला सारतात, पिवळ्या सायीला सुरकुत्या पडतात आणि खालनं केशरी दूध दिसतं, आणि पहिला घोट घेतल्यावर काहीतरी बोलतात. परवा म्हणाले मिरी बारीक झालीय आज. काल म्हणाले, तुझी आई ह्यात कोजागिरीला चारोळी घालायची, आठवतंय का तुला? मग अर्धा तास आम्ही अंबाबाईच्या देवळामागच्या जुन्या घराच्या गच्चीवर होतो, ते सांगत होते आणि मी ऐकत होतो. अजून कधी दोनला जाग येते त्यांना, पण बसून राहत नाहीत, कूस बदलून झोपतात.

हळद आईचीच वापरतोय. दरवर्षी ती सांगलीहून राजापुरी हळकुंडं मागवायची, वाळवून गिरणीतनं दळून आणायची, चिनी मातीच्या बरणीत भरून वर फडकं बांधायची. काल चमचा तळाला लागला. दोन बोटं राहिलीय. मी आप्पांना म्हटलं, आता संपत आली, ह्या रविवारी लक्ष्मीपुरीत जाऊन हळकुंडं घेऊन येतो.

ते फुलपात्र खाली ठेवून म्हणाले, "आण. पण नवी दुसऱ्या डब्यात भर. ती बरणी तशीच ऱ्हाऊ दे."