आयडाहोच्या माळरानातली अणुभट्टी आणि आमचे तारापूरवाले बाबा

बॉइसीहून यलोस्टोनला जायचं तर सगळे इंटरस्टेट पकडतात, आम्ही यावेळी मुद्दाम हायवे 20 पकडला. आईबाबा भारतातून आले होते. बाबांची अख्खी नोकरी तारापूरला गेली, टर्बाइन मेंटेनन्समध्ये, आणि आमचं बालपण बोईसरच्या कॉलनीत, त्यामुळे "वाटेत एक जुनी अणुभट्टी आहे, आत जाऊन बघता येते आणि तिकीट पण नाही" एवढं मी बोललो आणि बाबांच्या दृष्टीने यलोस्टोन संपलंच. आई म्हणाली, "जन्मभर तेच ऐकलंय घरात, आता जरा गरम पाण्याचे झरे तरी बघू दे." शेवटी दोन्ही करायचं ठरलं.

वाटेत क्रेटर्स ऑफ द मून लागतं. काळाकुट्ट लाव्हा, मैलोनमैल. 1969 मध्ये अपोलोच्या काही अंतराळवीरांना खडक ओळखायला शिकवण्यासाठी इथे आणलं होतं. सह्याद्री बघत वाढलेल्या माणसाला बेसाल्टचं काय एवढं, असं मला वाटलेलं, पण हा लाव्हा जेमतेम दोन हजार वर्षांचा आहे, अजून त्यावर धड गवत नाही. ऊन मात्र मरणाचं. फोटो काढले, पाणी प्यायलो आणि निघालो.

तिथून अर्ध्या तासावर आर्को. गाव म्हणजे काय, हजारभर सुद्धा वस्ती नाही. मागच्या डोंगराच्या कड्यावर मोठमोठे आकडे रंगवलेत, इथल्या हायस्कूलची प्रत्येक बॅच पास होताना आपलं वर्ष तिथे रंगवते, शंभर वर्षांची परंपरा आहे म्हणे. आणि सिटी हॉलवर बोर्ड आहे की अणुऊर्जेच्या विजेवर उजळलेलं जगातलं हे पहिलं गाव. तारीख 17 जुलै 1955. आता खरं सांगायचं तर ही वीज जेमतेम तासाभरासाठीच दिली होती, नंतर गाव परत आपल्या नेहमीच्या लाइनवर. पण अमेरिकन सरकारला ते दाखवायचं होतं कुठे, तर पुढच्याच महिन्यात जिनिव्हाला, संयुक्त राष्ट्रांच्या अणुऊर्जा परिषदेत. आणि त्या परिषदेचे अध्यक्ष कोण, तर आपले होमी भाभा! हे मी बाबांना सांगायला गेलो तर ते म्हणाले, "मला माहित्ये. तिथल्याच भाषणात भाभा म्हणालेले की वीस वर्षांत फ्यूजन काबूत येईल." आणि मग गालात हसले. सत्तर वर्षं झाली, फ्यूजन, म्हणजे हलके अणू जोडून ऊर्जा काढणं, अजून येतंच आहे.

आर्कोत अजून एक अजब वस्तू आहे. समुद्रापासून शेकडो मैल लांब, भर उन्हात, एका पाणबुडीचा वरचा भाग उभा केलाय. यूएसएस हॉकबिल, नंबर 666, त्यामुळे लोक तिला सैतानाची पाणबुडी म्हणतात. पहिल्यांदा बघताना हे लोक येडे आहेत का असं वाटतं, पण कारण पक्कं आहे. नॉटिलस ही पहिली अणुपाणबुडी, तिच्या इंजिनाचा नमुना समुद्रावर नाही तर इथल्याच माळावर 1953 मध्ये चालवून बघितला होता, आणि नंतर कित्येक वर्षं नेव्हीची हजारो पोरं पाणबुडीची अणुभट्टी चालवायला या वाळवंटात शिकली. लंचला पिकल्स प्लेस म्हणून जागा आहे तिथे अॅटॉमिक बर्गर मिळतो. आईने फ्राइज खाल्ले आणि डब्यातली चटणी काढली.

आर्कोहून पुढे तीसेक किलोमीटर काहीच नाही. सेजब्रशची करडी झुडपं, लांबवर एकटा उभा बिग सदर्न ब्यूट नावाचा डोंगर, आणि बिग लॉस्ट रिव्हर म्हणून नदी जी डोंगरातून येते आणि या मैदानात चक्क जमिनीत मुरून गायब होते. ही जागा आधी नेव्हीकडे होती, युद्धनौकांच्या तोफा दुरुस्त झाल्या की इथे उडवून बघायचे. 1949 मध्ये अणुऊर्जा आयोगाने ती घेतली, कारण अणुभट्ट्यांचे प्रयोग शिकागोसारख्या शहराजवळ करणं परवडणारं नव्हतं. इथे जागाच जागा, सुमारे 2300 चौरस किलोमीटर, आणि तिथे आजवर 52 अणुभट्ट्या बांधल्या. बावन्न! आज त्याला आयडाहो नॅशनल लॅबोरेटरी म्हणतात आणि हायवेवरून फक्त लांब लांब पांढऱ्या इमारती दिसतात, आत जायची सोय नाही. अपवाद एकच, ईबीआर-वन, म्हणजे एक्सपेरिमेंटल ब्रीडर रिअॅक्टर नंबर एक. ब्रीडर म्हणजे चालता चालता नवीन इंधनही तयार करणारी भट्टी.

बाहेरून बघाल तर विटांची साधी चौकोनी बिल्डिंग, एमआयडीसीत उभी केली तर कोणी ढुंकून बघणार नाही. आत एक कॉलेजातली मुलगी गाइड होती, उन्हाळ्याच्या सुट्टीतली नोकरी असावी, पण तयारी चोख. भट्टी बांधली वॉल्टर झिनने. हा तोच झिन जो 2 डिसेंबर 1942 ला शिकागोत एन्रिको फर्मी या शास्त्रज्ञाच्या, जगातल्या पहिल्या अणुभट्टीवर होता, भट्टी झटकन बंद करायचा इमर्जन्सीचा रॉड दोरीला बांधून वर धरलेला, तो रॉड त्याच्या ताब्यात होता. पुढे तो शिकागोजवळच्या आर्गॉन या सरकारी लॅबचा पहिला डायरेक्टर झाला आणि ही भट्टी त्याचंच बाळ.

मेन आकर्षण म्हणजे चार बल्ब. 20 डिसेंबर 1951, दुपारची वेळ, जनरेटरला जोडलेले 200 वॅटचे चार बल्ब पेटले. त्याआधी 1948 मध्ये ओक रिजच्या भट्टीवर खेळण्यातल्या वाफेच्या इंजिनाने एक छोटासा बल्ब लावलेला, म्हणून इथले लोक नीट जपून "उपयोगी म्हणावी इतकी वीज पहिल्यांदा" असं म्हणतात, ते मला आवडलं. नाहीतर आपल्याकडे पहिलं म्हणजे पहिलं, बोर्ड लावून मोकळे. नंतर हीच भट्टी बिल्डिंगचे दिवे चालवायला लागली, क्षमता साधारण 200 किलोवॅट.

त्या दिवशी हजर असलेल्यांनी जनरेटरजवळच्या भिंतीवर खडूने आपापली नावं लिहिली. ती अजून आहेत, जपून ठेवलीत. कोणाचं अक्षर गिचमिड, कोणाचं वळणदार. त्यात हॅरल्ड लिक्टेनबर्गर पण आहे. हा गडी शिकागोच्या त्या पहिल्या प्रयोगात भट्टीच्या वर कॅडमियमचं द्रावण घेऊन उभ्या असलेल्या तिघांपैकी एक, म्हणजे बाकी सगळं फेल गेलं तर यांनी ते ओतून साखळी प्रक्रिया, म्हणजे एकामागून एक अणू फुटत जाणं, विझवायची. नऊ वर्षांत तोच माणूस इथे बल्ब पेटताना बघतोय.

बाबा मात्र भिंतीकडे बघतच नव्हते. ते टर्बाइनला चिकटलेले. वाकून वाकून बेअरिंग बघ, वेग सांभाळणारा गव्हर्नर बघ, केसिंगचे बोल्ट मोज. मग मला म्हणाले, "अरे, हे लोक टर्बाइनच्या इतके जवळ उभे राहिलेत फोटोत, बघितलंस का? तारापूरला हे शक्यच नाही." मी म्हटलं का? तर म्हणाले, तारापूरला पाणी भट्टीतच उकळतं आणि तीच वाफ सरळ टर्बाइनवर येते, त्यामुळे युनिट चालू असताना तिथे रेडिएशन असतं, टर्बाइनजवळ असं आरामात थांबायचं नाही. आणि इथे? गाइडने आकृती दाखवली. भट्टीतली उष्णता आधी नॅकमध्ये, म्हणजे सोडियम-पोटॅशियमचा मिश्रधातू, जो साध्या तापमानालाच पाऱ्यासारखा वाहतो. त्या नॅकमधून ती दुसऱ्या वेगळ्या नॅकच्या लूपमध्ये आणि मग तिथून पाण्यात. वाफ टर्बाइनवर येईपर्यंत स्वच्छ. म्हणून माणसं बल्बशेजारी उभी राहू शकली. इतक्या वेळा तो फोटो बघितलाय नेटवर, हे डोक्यात कधी आलंच नव्हतं. बाबांचा पुढचा प्रश्न, नॅक आणि पाणी एकमेकांना भेटले तर? गाइड म्हणाली, म्हणूनच मधला लूप. नॅक पाण्याला लागलं की पेट घेतं, पण निदान ते भट्टीतलं किरणोत्सारी नॅक नको. बाबांनी मान डोलावली, म्हणजे पास केलं तिला.

भट्टीच्या अगदी डोक्यावर उभं राहता येतं. खाली जो गाभा, म्हणजे इंधनाचा भाग, होता तो फक्त अमेरिकन फुटबॉलएवढा. आणि एवढ्या छोट्याशा गाभ्यासाठी हा सगळा उपद्व्याप का, तर तेव्हा युरेनियम जगात फार कमी आहे असं वाटायचं. त्यातही भट्टीत सहज जळणारं युरेनियम-235 नैसर्गिक युरेनियममध्ये फक्त 0.7 टक्के, बाकी जवळजवळ सगळं 238. मग गाभ्याभोवती 238 चं वेष्टण लावायचं, अणू फुटताना सुटणाऱ्या न्यूट्रॉन कणांचा वेग कमी न करता ते तसेच त्यावर सोडायचे, आणि त्याचं प्लुटोनियम करायचं, तेच नवं इंधन. पाणी वापरलं असतं तर न्यूट्रॉन मंदावले असते, म्हणून नॅक. 1953 मध्ये हिशोब लागला की जेवढं इंधन जळतं जवळजवळ तेवढं नवीन तयार होतंय. आपल्या भारताच्या अणुऊर्जेच्या तीन टप्प्यांच्या कार्यक्रमातला दुसरा टप्पा याच कल्पनेवर उभा आहे, कल्पाक्कमला 1985 मध्ये सुरू झालेली छोटी ब्रीडर याच जातीची, फक्त तिथे नॅकऐवजी सोडियम.

कंट्रोल रूममध्ये पोरांची गर्दी, कारण इमर्जन्सी बंदचं बटण दाबायला देतात. त्या बटणाची गोष्ट मात्र गमतीची नाही. 29 नोव्हेंबर 1955 ला एक टेस्ट चालू होती, मुद्दाम कूलंटचा, म्हणजे उष्णता वाहून नेणाऱ्या नॅकचा, प्रवाह बंद ठेवून ताकद वाढवत नेलेली. गरम झाल्यावर इंधनाच्या सळ्या आतल्या बाजूला वाकत होत्या, जवळ आल्या की ताकद अजून वाढणार, हे नेमकं किती होतं तेच तपासायचं होतं. थांबवायची वेळ आली तेव्हा झटकन बंद करणाऱ्या बटणाऐवजी हळू बंद करणारं दाबलं गेलं. काही सेकंदांचा उशीर, आणि गाभ्याचा बराच भाग वितळला. कोणाला इजा झाली नाही. पण बाहेर लोकांना हे कळायला महिने गेले, आणि ते मला खटकलं. आर्कोच्या विजेची बातमी काही आठवड्यांत जिनिव्हाला पोचते आणि ही नाही.

आता माझं मत. म्युझियम आहे ब्रीडरचं, 1966 मध्ये प्रेसिडेंट जॉन्सन स्वतः येऊन याला राष्ट्रीय स्मारक करून गेले, पण ज्या भट्टीचे उपकार जगातल्या घराघरातल्या बल्बवर आहेत ती इथून जवळच उघड्या माळावर होती आणि तिथे आता बघायला काही नाही. बोरॅक्स तिचं नाव. तोवर सगळ्यांना धास्ती होती की भट्टीत पाणी उकळू दिलं तर ताबा जाईल. सॅम्युएल अंटरमायर नावाचा शास्त्रज्ञ म्हणाला, उलट होईल, वाफेचे बुडबुडे झाले की साखळी प्रक्रिया आपोआप मंदावेल. झिनने पाठिंबा दिला आणि 1953 मध्ये अर्धवट जमिनीत गाडलेल्या टाकीत भट्टी केली, वर छप्पर नाही, माणसं लांब ट्रेलरमध्ये. कंट्रोल रॉड, म्हणजे साखळी प्रक्रिया रोखून धरणारे दांडे, झटकन बाहेर फेकायचे, पाणी फसकन कारंज्यासारखं वर, आणि भट्टी स्वतःच गप्प. पुन्हा पुन्हा केलं. जुलै 1954 मध्ये मुद्दाम शेवटपर्यंत ताणली तर अपेक्षेपेक्षा मोठा स्फोट झाला आणि तुकडे माळभर. तिची तिसरी आवृत्ती म्हणजे आर्कोला वीज देणारी बोरॅक्स-थ्री. आणि त्याच उकळत्या पाण्याच्या घराण्यातली, जनरल इलेक्ट्रिकने बांधलेली, 1969 मध्ये सुरू झालेली तारापूरची पहिली दोन युनिटं. ब्रीडर अजून जगात हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या, आणि उकळत्या पाण्यावर आमच्या घरचा पगार चालला. बाबांना हे घराणं पाठ होतं, पण टाकी उघड्यावर होती हे ऐकून ते दोन मिनिटं काही बोललेच नाहीत, मग म्हणाले, "परमिट कोणी सही केलं असेल रे?"

आईने बाजी मारली ती हॉट सेलजवळ. किरणोत्सारी सळ्या हाताळायला मीटरभर जाड खिडकी, काचेचे कितीतरी थर आणि मधे तेल, आणि बाहेरून चालवायचे यांत्रिक हात. तसेच हात बाहेर प्रेक्षकांना खेळायला ठेवलेत, लाकडी ठोकळे एकावर एक रचायचे. माझे पडले, बाबांचे पडले, आईने शांतपणे मनोरा उभा केला आणि म्हणाली, "यात काय आहे? चिमट्याने पापड उलटता येतो ना?"

बाहेर पार्किंगमध्ये दोन अवाढव्य लोखंडी धूड उभी आहेत, ती चुकवू नका. अणुशक्तीवर विमान उडवायचं होतं यांना! जेट इंजिनात इंधन जाळण्याऐवजी भट्टीने हवा तापवायची. जमिनीवर ती खरोखर चालली. पण पायलटला रेडिएशनपासून वाचवायचं तर शिसं आणि बाकी आडोसा इतका जड की विमान उडणार कसं, आणि पडलं तर? 1961 मध्ये केनेडीने बंद केलं. त्याच वर्षी 3 जानेवारीला या माळावरच्या एसएल-वन भट्टीत मधला रॉड हाताने गरजेपेक्षा जास्त वर ओढला गेला आणि तीन जवान गेले.

जायचं असेल तर हे फक्त मे अखेरपासून सप्टेंबरच्या सुरुवातीपर्यंत उघडं असतं. आजूबाजूला खायला काही नाही, पेट्रोल आर्कोत भरा, फोनला रेंज येते-जाते. दोन तास पुरतात. बरोबर तारापूरवाले बाबा असतील तर चार धरा, आणि यलोस्टोनचं हॉटेल आधीच बुक करून ठेवा, कारण आम्ही पोचलो तेव्हा रिसेप्शनवाला शटर ओढत होता.