हॅवलॉकला लपलेले मासे शोधताना: नागपूरकरांसाठी थोडं कामाचं

अंदमानातल्या हॅवलॉक बेटावर स्कूबा डायव्हिंग करून आलो म्हटलं की नागपुरात पहिला प्रश्न ठरलेला, "शार्क दिसला का?" दिसला नाही, शोधलाही नाही. मी आणि माझा जंगलातला जुना जोडीदार गेलो होतो ते दडून बसणारे मासे पाहायला: फ्रॉगफिश, स्कॉर्पियनफिश, जमलंच तर घोस्ट पाइपफिश. ताडोबात सगळ्या जिप्सी वाघामागे पळत असताना ज्याला पाचोळ्यात बसलेला रातवा पक्षी पाहावासा वाटतो, त्याच्यासाठी हे लिहितोय.

प्रवासाचं थोडक्यात. नागपूरहून चेन्नई किंवा कोलकाता, तिथून पोर्ट ब्लेअर, पुढे फेरी. २०१८ पासून हॅवलॉक कागदोपत्री स्वराज द्वीप आहे आणि २०२४ पासून पोर्ट ब्लेअर श्री विजयपुरम, त्यामुळे बुकिंग करताना दोन्ही नावं टाकून पाहा. घड्याळ आपलंच, पण सूर्य नागपूरच्या जवळजवळ तासभर आधी उगवतो. बोटीही भल्या पहाटे सुटतात, रात्री गप्पा छाटत बसू नका. नोव्हेंबर ते एप्रिल हा चांगला मोसम. पाणी जरा गढूळ असलं तरी बिघडत नाही, कारण बघायचं असतं ते हातभर अंतरावरचं.

खरी मेख आहे डाइव्हमास्टर, म्हणजे पाण्याखाली नेणारा गाइड, निवडण्यात. बुकिंगच्या फोनवरच सांगा की आम्हाला मॅक्रो, म्हणजे जवळून दिसणारे बारके जीव, बघायचंय, आम्ही हळू जाणार, कासव दिसलं तरी मागे पळणार नाही. नाहीतर तुम्हाला सहा जणांच्या घोळक्यात टाकतात, आणि पुढचा फिन्स (पायातले पंखे) मारत निघाला की सगळी वरात त्याच्या मागे. आमच्या एका डाइव्हला असंच झालं. त्यात भर म्हणजे तिथल्या गाइडनं फोटोसाठी स्कॉर्पियनफिशला सळईनं ढोसून उठवलं. बोटीवर आल्यावर आम्ही स्पष्ट सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी सेंटर बदललं. तुम्हीही भिडेखातर गप्प बसू नका.

नवीन सेंटरची पोरगी निघाली भारी. लाइटहाउस नावाच्या उथळ स्पॉटवर घेऊन गेली. बरेच जण तो रात्रीच्या डाइव्हसाठी करतात. आम्ही सकाळी उतरलो. रेतीत एक प्रवाळाचा ढेकूळ, तिथं ती थांबली ती थांबलीच. मग बोट दाखवलं. मला दिसत होता तो मळकट रंगाचा, मुठीएवढा स्पंज, त्यावर स्पंजाला असतात तशी काळी भोकं. टॉर्च मारला तेव्हा मळकटपणा गेला आणि विटकरी लाल उजळला, कारण पाण्यात लाल रंग आधी विझतो. तरी स्पंजच! शेवटी एका बाजूला पंजा दिसला, बोटं फाकवून खडकावर टेकवलेला. तो पंजा म्हणजे फ्रॉगफिशचा छातीचा पर. त्यावरून वर गेलो तर खाली वाकलेली तोंडाची रेघ, आणि तिच्यावर टाचणीच्या डोक्याएवढा डोळा. भोकं होती नुसते ठिपके. खरं भोक एकच, पंजाच्या मागच्या बाजूला, श्वासाचं पाणी बाहेर सोडायचं. ते हळूच उघडायचं, मिटायचं.

फ्रॉगफिश शोधायचा तो याच क्रमानं: पंजा, तोंड, डोळा. रंगावर जाऊ नका, काही दिवसांत-आठवड्यांत तो बदलतो. हा प्राणी पोहायचा कंटाळा करतो, परांवर चालतो. डोक्यावरच्या काट्याचा गळ करून आमिष हलवतो आणि सावज जवळ आलं की काही मिलिसेकंदांत गिळतो. आम्ही होतो तेवढा वेळ त्यानं गळ काही बाहेर काढला नाही. वर आल्यावर जोडीदार म्हणतो, "काऊन बे, पाऊण तास आपण एका स्पंजाकडं पाहून राहिलो होतो?" मग माझ्याच कॅमेऱ्यात फोटो मोठा करून बघत बसला.

घोस्ट पाइपफिशसाठी क्रिनॉइड तपासा, म्हणजे पिसांसारख्या हातांचे ते प्राणी. हा मासा त्यांच्या आडोशाला डोकं खाली करून लटकतो, बऱ्याचदा जोडीनं. समुद्रघोड्यात अंडी नर सांभाळतो. इथं मादी पोटाखालच्या परांच्या पिशवीत सांभाळते. आम्हाला एकच जोडी दिसली आणि फोटो सगळे हलले. लीफ स्कॉर्पियनफिश पानासारखा डुलतो, पण लाट नसताना एकटंच 'पान' डुलत असेल तर थांबा. समुद्रघोडे आणि पाइपफिश यांना वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे. हात लावायचा प्रश्नच नाही.

हात तर कशालाच लावू नका. तुम्ही दगड म्हणून टेकाल तो स्टोनफिश असू शकतो, पाठीवर तेरा विषारी काटे. काटा लागलाच तर आधी डाइव्ह थांबवून वर या. जखम सोसवेल इतक्या गरम पाण्यात, साधारण ४५ अंशांपर्यंत, बुडवून ठेवा आणि लगेच दवाखाना गाठा. पाणी आधी दुसऱ्याच्या हातानं तपासा, दुखण्याच्या भरात चटका कळत नाही.

म्हणूनच कॅमेऱ्याआधी बॉयन्सी, म्हणजे पाण्यात एकाच पातळीवर तरंगायचं कसब. रेतीपासून वीतभर वर, हात न मारता, नुसत्या श्वासावर तरंगता आलं पाहिजे. नाहीतर तुमच्याच फिन्सनं रेती उडते आणि मासा असूनही दिसत नाही. आपल्याकडे समुद्र नाही, पण स्विमिंग पूल आहेत. कोचला विचारून तळाशी पालथं स्थिर राहायचा सराव जाण्याआधी महिनाभर करा. फक्त श्वास कोंडून एकट्यानं पाण्याखाली राहायचे प्रयोग करू नका, त्यात जीव जातो. ओपन वॉटर, म्हणजे स्कूबाचा पहिला कोर्स, झालेला असला तर १८ मीटरपर्यंत जाता येतं, आणि यातलं बहुतेक त्याहून उथळ पाण्यातच मिळतं. सर्दी असेल तर त्या दिवशी उतरूच नका, कान फुटायची भीती.

परतीचं तिकीट काढताना शेवटची डाइव्ह आणि विमान यांत किमान १८ तास सोडा. आम्ही अख्खा दिवस ठेवला होता. सकाळच्या फेरीनं पोर्ट ब्लेअर, दुपारी सेल्युलर जेल, आणि विमान दुसऱ्या दिवशी. टॉर्चचे लिथियमचे सेल हँडबॅगेत ठेवा, चेक-इनच्या बॅगेत चालत नाहीत.