त्रानीच्या बंदरावरची एक दुपार

दुपारी दीड वाजता त्रानीच्या बंदरावर आवाज होता तो फक्त बोटींच्या दोरांचा. दुकानांची दारं ओढून घेतलेली, माणसं जेवून आडवी झालेली. एक म्हातारे कोळीआजोबा मात्र धक्क्यावर बसून फाटलं जाळं विणत होते. जाळ्याचा ताण पायाच्या अंगठ्यात अडकवलेला आणि हातातली सुई सपासप चाललेली. तशीच बसणारी माणसं मी हर्णैला पाहिली आहेत, त्यामुळे जरा वेळ तिथून पाय निघेना.

दक्षिण इटलीतल्या बारीहून लोकल गाडीनं पाऊण तासाच्या आतबाहेर त्रानी येतं. बरेच पर्यटक बारीतूनच दुसरीकडे वळतात. मी आले होते ती इथल्या कॅथेड्रलसाठी. बंदराला वळसा घालून पुढे गेलं की ते एकदम समोर उभं राहतं, अगदी एड्रियाटिक समुद्राला खेटून. दगड इथलाच, ‘त्रानीचा दगड’ म्हणूनच ओळखला जाणारा. भर उन्हात तो पांढरा दिसतो, ऊन कललं की त्यावर गुलाबी झाक चढते. मनोऱ्याच्या पायथ्याशी एक मोठी कमान आहे. तिच्यातून पलीकडचं निळं पाणी दिसतं, आणि एवढा उंच मनोरा या पोकळीवर कसा उभा राहिला याचं नवल वाटत राहतं. विसाव्या शतकात तो उतरवून पुन्हा बांधला, म्हणून आज धडधाकट आहे.

पण मला त्रानी आवडलं ते ज्याच्या नावानं हे कॅथेड्रल आहे त्या मुलामुळे. निकोलस नावाचा एक ग्रीक पोरगा. खांद्यावर क्रूस घेऊन ‘किरिए एलेइसॉन’, म्हणजे ‘देवा, दया कर’, असं ओरडत गावोगाव फिरायचा. मागे लागणाऱ्या मुलांना फळं वाटायचा. लोकांनी त्याला वेडा ठरवलं, मारलं, हाकललं. त्रानीत त्याला आसरा मिळाला, पण १०९४ साली तो इथेच गेला. तेव्हा त्याचं वय विशीच्याही आत होतं. पाचच वर्षांत, १०९९ साली, त्याच्या नावानं या कॅथेड्रलचं काम सुरू झालं. ज्याला कुठे थारा नव्हता त्याच्यासाठी एका गावानं एवढा दगड घडवला! तळघरात त्याच्या समाधीपाशी उभी होते तेव्हा गळा दाटून आला.

वर, आतल्या बाजूला, बारिसानो नावाच्या इथल्याच कारागिरानं बाराव्या शतकात घडवलेला ब्राँझचा दरवाजा ठेवला आहे. बाहेर लावलेली त्याची नक्कल. एकूण ३२ चौकटी. त्यांतल्या एकीत निकोलस उभा आहे आणि त्याच्या पायाशी इवलासा बारिसानो गुडघे टेकून बसला आहे. आपल्याकडे देवळाच्या पायरीवर दंडवत घालणाऱ्या भक्ताची आकृती कोरतात, तिचीच आठवण झाली.

जुन्या ज्यू वस्तीतल्या गल्ल्या अरुंद. तिथलं स्कोलानोवा सिनेगॉग चौदाव्या शतकात चर्च करून टाकलं होतं, ते सहाशेहून अधिक वर्षांनी पुन्हा ज्यूंच्या प्रार्थनेसाठी उघडलं. अलिबागच्या इस्राएल आळीतलं सिनेगॉग ज्यांनी पाहिलंय त्यांनी इथे नक्की थांबावं. सम्राट फ्रेडरिक दुसरा याचा किल्लाही किनाऱ्यालाच आहे. तो मी बाहेरूनच पाहिला.

संध्याकाळी परत कॅथेड्रलपाशी आले. दगडावर गुलाबी रंग चढला होता आणि समोरच्या फरसबंद चौकात पोरं आरडाओरडा करत फुटबॉल खेळत होती. पिशवीत सकाळी घेतलेली चार सफरचंदं होती. ती त्यांना देऊन मी स्टेशनकडे निघाले.