जिम टाकायची, पण मशीन किती?

रावेरला माझा मामेभाऊ जिम टाकतोय. गाळा ठरलाय, पण मशिनींच्या कोटेशनवर गाडी अडलीय. परवा फोनवर म्हणाला, "काय भो, तिकडे कोणत्या कंपनीचं मशीन चालतं?" म्हटलं, इकडे जर्मनीत हॅम्बुर्गला सध्या मशीन बाहेर काढणं चालू आहे.

अतिशयोक्ती थोडीशीच. आमच्या जिमने खिडकीकडची अख्खी रांग उचलली आणि तिथे हिरवं कृत्रिम गवत अंथरलं. लोक त्यावर वजन लादलेली स्लेज, म्हणजे बिनचाकी गाडी, ढकलतात, वाळूची पिशवी खांद्यावर घेऊन लंजेस मारतात, म्हणजे एक पाय पुढे टाकून गुडघे वाकवत चालतात. हायरॉक्स ही स्पर्धा २०१७ साली याच शहरात सुरू झाली, तिचाही हा परिणाम. एक किलोमीटर धावायचं, एक कसरत करायची, असं आठ वेळा. त्यातली एक फार्मर्स कॅरी: पुरुषांच्या ओपन गटात दोन्ही हातांत २४-२४ किलोच्या केटलबेल (मूठ असलेले लोखंडी गोळे) घेऊन २०० मीटर चालायचं.

मामेभाऊ हसला. "केळीचे घड वाहणारे आमचे मजूर रोज हेच करतात की!"

वजन जुळतं. चांगला घड वीस-पंचवीस किलो भरतोच. पण हे बोलणं मला पटत नाही. घड वाहणारा गाडी भरेपर्यंत वाहतो, बहुतेक एकाच खांद्यावर, दम लागला म्हणून त्याला कोणी बसू देत नाही. चाळिशीत कंबर धरते. इथे वजन हळूहळू वाढवतात, मधे विश्रांती, दुसऱ्या दिवशी सुट्टी. तुलना करायचीच तर तालमीशी करावी. जोर, बैठका, मुद्गल यांत सगळं अंग एकदम कामाला लागतं.

मशिनीवर तसं होत नाही. वजन कुठून कुठे जाणार ते मशीनच ठरवतं. पाठ टेकलेली, त्यामुळे तोल सांभाळणाऱ्या स्नायूंना फारसं काम नाही. आर्थर जोन्सने १९७० मध्ये अमेरिकेत नॉटिलस मशीन आणलं, आणि पुढे जिम म्हणजे मशिनींची रांग हेच डोक्यात बसलं. दिवसभर ऑफिसात बसलेला माणूस संध्याकाळी जिममध्ये येऊन परत बसतो!

तरी सगळी मशिनं भंगारात घालणारे मला अतिउत्साही वाटतात. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर फक्त मांडीला ताकद आणायची असेल, किंवा साठीच्या काकूंना पडायची धास्ती असेल, तर मशीनच बरं. केटलबेल स्विंग, म्हणजे तो गोळा पायांमधून पुढे झुलवणं, दिसतो सोपा. पण नितंब मागे नेऊन झटका देण्याऐवजी पाठ वाकवून हातानेच वजन उचललं, की कंबर गेलीच. म्हणून त्याला सांगितलं, दोन मशिनं कमी घे आणि तेच पैसे शिकवणाऱ्या माणसावर घाल.

"भाऊ, पण लोक आत आले की आधी मशिनी मोजतात. फी कशाची देतील?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. शेवटी लेग प्रेस (पायांनी वजन ढकलायचं मशीन), लॅट पुलडाऊन (वरची दांडी खाली ओढायचं मशीन) आणि उरलेल्या गाळ्यात रबरी मॅट असं ठरलं. रस्त्याकडच्या काचेपाशी दोन ट्रेडमिल मात्र हव्यातच, तिथे त्याने माझं काही ऐकलं नाही.