कार्डिफला जाताय? मग हेही बघा

कोथरूडमधल्या आमच्या सोसायटीतून उन्हाळ्यात कुणी ना कुणी आई-बाबा मुलांकडे यूकेतल्या वेल्सच्या राजधानीत, कार्डिफला निघतातच आणि मग विचारतात तिथे काय बघायचं, तर शहरातला किल्ला आणि पाण्याकाठचा ‘कार्डिफ बे’ हा भाग मुलं दाखवतीलच हो, तुम्ही सेंट फॅगन्सला जायचा हट्ट धरा. १९४८ साली सुरू झालेलं ओपन-एअर म्युझियम आहे, एंट्री फ्री. वेल्सभरातली जुनी घरं, दुकानं, अगदी चर्चसुद्धा सुटं करून इथे आणून परत जसंच्या तसं उभं केलंय. मर्थर टिडफिलच्या लोखंड कामगारांची सहा घरांची एक ओळच आहे, प्रत्येक घर वेगळ्या काळातलं सजवलेलं, पहिलं १८०५ चं आणि शेवटचं १९८५ चं! सदाशिव-नारायणातले वाडे एकेक करून पडताना बघितलेत ना आपण, त्यामुळे तिथे फिरताना फार गलबलून येतं, आपल्याकडे एखादा तरी वाडा असा उचलून ठेवायला हवा होता असं मला मनापासून वाटतं.

गडकिल्ल्यांची आवड असेल तर केअरफिली, ट्रेनने वीसेक मिनिटं. १२६८ मध्ये बांधायला घेतलेला, भोवती नुसतं पाणीच पाणी, आणि एक बुरुज पिसाच्या मनोऱ्यापेक्षा जास्त कललेला.

ब्लेनाव्हॉनची बिग पिट ही कोळशाची खाण १९८० ला बंद झाली, आता म्युझियम आहे, ९० मीटर खाली नेतात. मोबाइल, घड्याळ वरच जमा करावं लागतं आणि खाली वाकून चालावं लागतं, गुडघे दुखत असतील तर वरचंच बघा. स्वेटर मात्र न्याच.