शेवटचा ठरलेला अल्बम

मैफलीत भैरवी सुरू झाली की श्रोत्यांना चपलांची आठवण होऊ लागते. कंट्री म्हणजे ग्रामीण वळणाचे संगीत गाणाऱ्या ‘द हायवेमेन’ या अमेरिकन चौकडीचा 1995च्या एप्रिलमध्ये आलेला ‘द रोड गोज ऑन फॉरएव्हर’ हा तिसरा अल्बम शेवटचा ठरला, पण त्यात भैरवी शोधूनही सापडत नाही, आणि तो मला आवडतो तो त्यामुळेच.

जॉनी कॅश, विली नेल्सन, वेलन जेनिंग्ज आणि क्रिस क्रिस्टॉफरसन हे चौघेही आपापल्या जागी राजे होते. 1985 साली त्यांनी एकत्र गायलेल्या पहिल्या गाण्यात वाटमाऱ्या, खलाशी, धरणावरचा मजूर आणि अवकाशयानाचा कप्तान असे एकाच जिवाचे चार जन्म होते, प्रत्येक जन्माला वेगळा आवाज होता, आणि ते गाणे कंट्री संगीताच्या लोकप्रियतेच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेले. 1990चा दुसरा अल्बम ऐकला नाही तरी फारसे काही बिघडत नाही.

तिसऱ्याची निर्मिती डॉन वॉज याने केली. तो प्रसिद्ध झाला तेव्हा सर्वांत धाकटा वेलन 57 वर्षांचा होता आणि कॅश 63 वर्षांचा. आवाजांना वय चिकटले होते आणि ते लपवण्याची धडपड कुठे ऐकू येत नाही. (क्रिस्टॉफरसन तर तरुणपणीही गाण्यापेक्षा बोलतच असे, त्यामुळे त्याचे काहीच नुकसान झाले नाही.) अल्बममध्ये प्रत्येकाच्या लेखणीचे एकेक गाणे आहे. त्यातले क्रिस्टॉफरसनचे जुने गाणे जॉन स्टाइनबेकच्या कादंबरीतल्या एका प्रसंगावर बेतलेले आहे: रस्त्याकडेच्या खानावळीत दोन गरीब पोरे गोड गोळ्यांची किंमत विचारतात, त्यांच्याजवळ एकच पेनी आहे हे कळल्यावर वाढणारी बाई पेनीला दोन असे धडधडीत खोटे सांगते, आणि एका ट्रकवाल्याने हटकल्यावर त्यालाच फटकारते. ट्रकवाले निघून जाताना बिलापेक्षा जास्त पैसे ठेवतात, ती मागून हाक मारते, तेव्हा तिचेच फटकळ उत्तर ते तिला परत करतात. चांगुलपणाची एवढी खरखरीत गोष्ट सांगायला असाच झिजलेला गळा हवा.

वेलन 2002मध्ये गेला, कॅश 2003मध्ये आणि क्रिस्टॉफरसन 2024मध्ये. त्यामुळे ‘द रोड गोज ऑन फॉरएव्हर’ या अल्बमच्या नावात आता अनेकांना निरोप ऐकू येतो. मात्र याच नावाचे, रॉबर्ट अर्ल कीनने लिहिलेले शेवटचे गाणे निव्वळ गुन्हेगारीची कथा आहे. दारूच्या गुत्त्यात काम करणारी शेरी आणि सटरफटर धंदे करणारा सनी पळून जातात, पैसा लुटतात, त्यात पोलिसाचा खून होतो आणि सनी सारा दोष स्वतःवर घेतो. पुढे 21 महिन्यांनी शेरी गावातल्या दुकानातून बिअर आणि वर्तमानपत्र विकत घेते, सनीला विजेच्या खुर्चीवर बसवणार असल्याचा मथळा वाचते, आणि आपल्या नव्या कोऱ्या मर्सिडीजमध्ये बसून चालू लागते. हे सारे चौघे जण इतक्या खुशीत गातात की निरोपाची अपेक्षा ठेवून बसलेल्या श्रोत्याला थोडे ओशाळल्यासारखेच होते.